यादीतले बेवारस नाव

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी,

परक्या देशातील एका अवास्तव मऊ पलंगाच्या काठावर बसून, गुडघे वाकत नसल्यामुळे मनानेच घातलेला साष्टांग नमस्कार. (वयाने आपण तीन वर्षांनी वडील आणि नात्याने मी जावई; तेव्हा कोणी कोणास आधी वाकावे हा वाद आपणा दोघांत त्रेचाळीस वर्षे अनिर्णित पडला आहे. या खेपेस मी माघार घेतो. कारण पुढे कळेल.) आपला रक्तदाब, वहिनींचा खांदा आणि मागील दाराचा तो नळ, जो आपण स्वतःच दुरुस्त करण्याचा हट्ट धरला होता, ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. आम्ही उभयता सुखरूप आहोत. हे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकतो, कारण काळजीच्या पत्राचे शेवटचे पान आधी वाचण्याची आपणास खोड आहे. या वेळी तसे करू नये, ही नम्र विनंती.

फोनवर आपल्या भगिनीने ‘जरा गडबड झाली होती, आता सगळं ठीक आहे’ इतकेच सांगितले, आणि आपण त्यावरून सामान हरवले असा निष्कर्ष काढलात, असे समजले. दूरध्वनीवर आपण निम्मे ऐकता आणि निम्मे स्वतः रचता. शिवाय काही गोष्टी क्रमवार सांगितल्या तरच त्यांतील दोष कोणाचा ते नीट ठरते. विमानतळ बंद असल्यामुळे आमचा मुक्काम दहा दिवसांनी लांबला आहे, खोलीत टेबल आहे, टेबलावर कागद फुकट आहेत. म्हणून हे पत्र.

ही सहल कन्येने भेट दिली, हे आपण जाणताच. मी समुद्र ओलांडण्याविषयीचे जुने आक्षेप सविस्तर मांडून पाहिले. ती म्हणाली, “अण्णा, तुम्ही कुठे ओलांडताय? विमान ओलांडेल, तुम्ही नुसते बसून राहा.” शास्त्रार्थ असा संपत नसतो, परंतु तिकिटे निघाली होती. सर्व कागदपत्रांचे काम आपण हौसेने अंगावर घेतलेत. अर्ज आपण भरलेत, छायाचित्रे आपण चिकटवलीत, मी केवळ आपण बोट ठेवाल तेथे सही करीत गेलो. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

आमच्या तुकडीत बावीस प्रवासी, आणि त्यांचा प्रमुख म्हणजे तिशीतला एक चपळ गृहस्थ, जो दिवसभर मिटलेली पिवळी छत्री उंच धरून पुढे धावतो. त्याला सारे छत्रीवाला म्हणतात. त्याला येथील भाषा येते, स्वभावाने गोड आहे, आणि आपल्या भगिनीला तो पहिल्या दिवसापासून ‘माई’ म्हणतो. तो म्हणतो म्हणून उरलेले वीस जणही म्हणतात. घरी कन्या म्हणते, शेजारी म्हणतात, आपणही म्हणता. या गोष्टीचाही संदर्भ पुढे येणार आहे.

उतारा एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी, तिसऱ्या मजल्यावर. खोलीत पलंग आणि कपाट यांच्या मधोमध जेमतेम एक आसन मावते. तेथे पूर्वेकडील खिडकीला तोंड करून मी रोज सकाळी सोवळ्यात पोथीचा एक अध्याय वाचतो. अध्याय सुरू झाला की पूर्ण होईपर्यंत आसन सोडायचे नाही, मध्ये बोलायचे नाही. वडिलांनी घालून दिलेला हा दंडक मी चौपन्न वर्षे पाळला आहे. (स्वयंपाकघरातील पडदा पेटला होता, तेव्हाही मी वाचन न थांबवता नुसते बोटाने तिकडे दाखवले होते, हे आपण चारचौघांत हसून सांगत असता. पडदा विझला, आणि अध्यायही पूर्ण झाला, हे मात्र सांगत नाही.)

परवा मंगळवारी तुकडी किल्ला पाहण्यास जाणार होती. किल्ल्याला दोनशे पायऱ्या. हिच्या गुडघ्यांनी नकार दिला, मी अध्यायाचे निमित्त केले, आणि आम्ही मागे राहिलो. छत्रीवालाही एका आजारी प्रवाशासाठी खाली दिवाणखान्यात थांबला होता. साधारण साडेनऊला मी वाचनाच्या मध्यावर असताना ही दारात उभी राहिली. हातात तिची ती कापडी पिशवी, पट्टा तुटून लोंबणारा. म्हणाली, “अहो, समोर गल्लीत एक शिंपीण बसते, तिच्याकडून एवढं शिवून आणते. तुम्हीही चला की. दोन मिनिटांचं काम, तेवढंच पाय मोकळे होतील.” मी उजवा तळवा उंचावला. त्रेचाळीस वर्षांत या तळव्याचा अर्थ ‘थांब, ओवी पुरी होऊ दे’ असा ठरलेला आहे. ती क्षणभर थांबली, आणि मग गेली. दार लागल्याचा आवाज मी ऐकला.

त्यानंतर वीसएक मिनिटांनी पहिला आवाज झाला. मला वाटले वरच्या मजल्यावर कोणी कपाट पाडले. दुसऱ्या आवाजाने खिडकीची काच थरथरली. मग एकामागोमाग असे काही आवाज झाले, जे कपाटांचे असणे शक्य नव्हते. गल्लीतून कर्णा ओरडू लागला, जिन्यात बुटांची धावपळ झाली. अशा समयी ज्ञानी पुरुषाने काय करावे याविषयी मी दर गुरुवारी देवळात लोकांना सांगत आलो आहे. त्यास अनुसरून मी उरलेला अध्याय स्थिर चित्ताने पूर्ण केला, पोथी वस्त्रात बांधली, उपरणे सावरले आणि खाली उतरलो.

खाली शिरस्त्राणे घातलेली, चेहरे झाकलेली माणसे सर्वांना मागच्या दाराने बाहेर काढीत होती. आम्हाला पाठीमागच्या एका शाळेच्या अंगणात नेऊन बसवले. शाळेस सुटी होती. बाके पहिलीच्या मुलांची, त्यामुळे आमचे गुडघे हनुवटीला लागले. भिंतीवर मुलांनी काढलेला एक हत्ती होता, त्याला पाच पाय. माझ्या शेजारी उताऱ्याचा आचारी हातात झारा घेऊन बसला होता. तो झारा त्याने संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही. एक गृहस्थ अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून आले होते. मी सोवळ्यात, अनवाणी. (सोवळ्यात पादत्राणे घालीत नाहीत, हे आपणास ठाऊक आहेच.) अंगणातील खडी जरा टोचत होती.

छत्रीवाल्याने विचारपूस करून आणलेली हकिकत अशी: गल्लीच्या टोकाच्या घरात काही हत्यारबंद माणसे लपली होती, त्यांना पकडण्यासाठी पहाटेपासून गुपचूप वेढा पडला होता, आणि दहाच्या सुमारास आतून गोळीबार सुरू झाला. आता संपूर्ण गल्ली बंद. ज्या दुकानात जो असेल त्याने तेथेच जमिनीला टेकून पडून राहायचे. कोणी बाहेर येणार नाही, कोणी आत जाणार नाही.

दादा, शिंपिणीचे दुकान त्या घरापासून चौथे.

मी हे छत्रीवाल्याला सांगितले. त्याचा चेहरा एकदम उतरला. पण पोरगा तयारीचा. तो मला घेऊन तेथील अधिकाऱ्याकडे गेला. अधिकारी एका बाकावर बसून, कानाला फोन लावून, गल्लीतील दुकानदार आपापल्या दुकानात कोण कोण आहे ते सांगतील तशी नावे एका कागदाच्या पाठीवर लिहून घेत होता. छत्रीवाला माझ्याकडे वळून म्हणाला, “अण्णा, माझी यादी बसमध्ये आहे आणि बस पुलापलीकडे अडकलीय. पासपोर्ट सगळे हॉटेलच्या तिजोरीत. माईंचं पूर्ण नाव सांगा चटकन.”

आता, नाव सांगा म्हणणे सोपे आहे. आपल्या पिढीत पत्नीचे नाव तोंडाने घेण्याचा प्रघात नव्हता, आणि मी तो कटाक्षाने पाळला. ‘अगं ऐकलंस का’ या तीन शब्दांवर आमचा संसार निर्वेध चालला. लोकांसमोर ‘आमच्या घरी’, पत्रात ‘ही’, डॉक्टरांपुढे ‘पेशंट’. तेव्हा त्या अंगणात, परक्या माणसांसमोर, आचाऱ्याच्या साक्षीने, मी आयुष्यात प्रथमच माझ्या पत्नीचे नाव मोठ्याने उच्चारले. अर्थातच विवाहसमयी तबकातील तांदळांवर अंगठीने मी स्वतः लिहिलेले नाव. ते पाच अक्षरी आहे, पोथीतून निवडलेले आहे, त्यात एक जोडाक्षर आणि दोन दीर्घ स्वर आहेत. (ते ऐकून आपण भर मांडवात ‘एवढी हाक पुरी होईतो दूध उतू जाईल’ असे म्हणाला होतात. मी ते विसरलेलो नाही.) अधिकाऱ्याने ते लिहून घेताना पहिला दीर्घ स्वर ऱ्हस्व केला. मी तो दुरुस्त केला. त्याने जोडाक्षर फोडले. मी तेही दुरुस्त केले. तिसऱ्या खेपेस छत्रीवाला माझ्या कानाशी लागून म्हणाला, “अण्णा, तिकडे गोळ्या चालल्यात हो. आत्ता व्याकरण राहू द्या.”

अधिकाऱ्याने कागदावरून पेन्सिल वरून खाली फिरवली, पुन्हा खालून वर फिरवली, आणि मान हलवली. या नावाचे कोणी कोणत्याही दुकानात नव्हते.

त्याने लगेच फोनवर काही आज्ञा केल्या. छत्रीवाल्याने आधी सांगायचे टाळले, मग सांगितले: एक वृद्ध स्त्री बेपत्ता, बहुधा रस्त्यात पडली असावी, शोध घेण्यास दोन माणसे भिंतीच्या कडेने पाठवीत आहेत. मी बाकावर येऊन बसलो. मनात नामस्मरण चालू केले. नामाचा महिमा या विषयावर मी अकरा वर्षे प्रवचने दिली आहेत. चित्त कोठेही असो, नाम घेणाऱ्यापर्यंत ज्याचे नाम तो पोहोचतोच, असे मी लोकांना ठामपणे सांगत असतो. त्या तीन तासांत ते विधान मला बरेच लांबलचक वाटले. मधून मधून गल्लीकडून आवाज येई, अंगणातले सगळे माना खाली घालीत, आणि मला फक्त दार लागल्याचा तो सकाळचा आवाज ऐकू येई. तळवा मी नक्की कसा उंचावला होता याचा मी विचार करू लागलो. ‘थांब’ म्हणणारा तळवा बोटे मिटलेली ठेवून उंचावतात. बोटे पसरून किंचित हलवला, तर त्याचा अर्थ वेगळा होतो.

या काळात तो अधिकारी दर अर्ध्या तासाने उठून यादी वाचून दाखवी. ज्याचा माणूस यादीत असे तो हात वर करी, कोणी रडे, कोणी शेजाऱ्याला मिठी मारी, आणि त्या नावापुढे खूण होई. होता होता सगळ्या नावांपुढे खुणा झाल्या. एकाच स्त्रीचे नाव उरले. तीन अक्षरी, साधेसुधे नाव. अधिकाऱ्याचा उच्चार काही वाईट नव्हता, हे मला कबूल केले पाहिजे. त्याने ते एकदा वाचले, दोनदा वाचले, अंगणाकडे बघून तिसऱ्यांदा वाचले. कोणीही हात वर केला नाही. दादा, मला त्या अनोळखी बाईचा कळवळा आला. आपले दुःख बाजूस सारून मी तिच्यासाठी अकरा वेळा जप केला, आणि तिच्या नवऱ्याला मनातल्या मनात चार खडे बोल सुनावले. बायको गोळीबारात अडकली असताना हा मनुष्य आहे तरी कोठे, असे मी शेजारच्या आचाऱ्याला खुणेने विचारलेही. त्याने झारा हलवून सहमती दर्शवली.

चौथ्या खेपेस अधिकाऱ्याने कंटाळून त्या नावाबरोबर शिंपिणीने सांगितलेली माहितीही वाचली, आणि छत्रीवाल्याने ती सवयीने मराठीत म्हटली: “वय सहासष्ट, शिंपिणीचं दुकान, सोबत पट्टा तुटलेली कापडी पिशवी.”

मी बसलो होतो तेथून उठलो. जरा घाईने पुढे गेलो असेन. त्याच सुमारास गल्लीकडचे आवाज थांबले होते आणि ढाली धरलेल्या माणसांच्या आडोशाने एकेका दुकानातील लोकांना बाहेर आणू लागले होते. सातआठ जणांच्या रांगेत, पाठमोरी, पिशवी खांद्याला लावून (पट्टा शिवला गेला होता) ही शांतपणे दुसऱ्याच दिशेने चालली होती. मी ते तीन अक्षरी नाव घेऊन हाक मारली. तिने वळून पाहिले नाही. मी पाच अक्षरी नावाने हाक मारली, शुद्ध उच्चारासह. तरीही नाही. शेवटी मी म्हणालो, “अगं, ऐकलंस का!”

ती थांबली, वळली, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि म्हणाली, “चपला कुठायत तुमच्या?”

ती शिंपीण, तिची म्हातारी सासू आणि आपली भगिनी अशा तिघीजणी त्या वेळात मागच्या खोलीत यंत्राच्या टेबलाखाली बसून होत्या. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती. हिने बसल्या बसल्या तिच्या सहा विजारींच्या खालच्या पट्ट्या हाताने टाचून दिल्या म्हणे. हात चालू राहिला की भीती बोटांतून निघून जाते, असे तिचे मत. हे मत मला कोणत्याही पोथीत आढळलेले नाही, तथापि खोडताही येत नाही.

संध्याकाळी कळले की त्या घरातील चारही माणसे मारली गेली आणि वेढा घालणाऱ्यांपैकी एक जण. सगळे पंचविशीच्या आतले. ही ऐकून म्हणाली, “त्यांचीही नावं कुणीतरी कौतुकानं ठेवली असतील.” त्या रात्री आम्ही दोघांनी दिवा मालवण्यापूर्वी त्या पाचही जणांसाठी हात जोडले. कोणाचा पक्ष खरा हे त्यात आम्ही पाहिले नाही.

आता मुख्य मुद्दा. दुसऱ्या दिवशी तिजोरी उघडल्यावर मी हिचा पासपोर्ट प्रथमच हाती घेऊन वाचला. त्यात आपण शाळेच्या दाखल्यावरून तिचे माहेरचे नाव घातलेत! विवाहविधीत, अग्नीच्या आणि आपल्या साक्षीने ठेवलेले नाव बाजूस सारून! त्रेचाळीस वर्षांपूर्वी मांडवात हरलेला वाद आपण सरकारी कागदावर जिंकलात, असे मला स्पष्ट दिसते. आणि या आपल्या विजयापायी दोन निरपराध माणसे, अस्तित्वातच नसलेल्या एका पाच अक्षरी स्त्रीचा, जीव धोक्यात घालून भिंतीच्या कडेने शोध घेत फिरली. ती सुखरूप परतली हे त्यांचे भाग्य. तेव्हा विनंती नव्हे, आग्रह आहे, की आम्ही परतण्यापूर्वी आपण प्रतिज्ञापत्र, विवाहाचा दाखला आणि जे काही लागेल ते जमवून हा प्रमाद दुरुस्त करण्याचा अर्ज तयार ठेवावा. मी सही करीन. परंतु या वेळी वाचून करीन.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, आणि नळाला स्वतः हात न लावण्याची सूचना.

आपल्या भगिनीचा, दोन्ही नावांचा, पती
आणि आपला आदरपूर्वक न ऐकणारा,
जावई

ता. क. — वरील पत्र दुपारी लिहिले. आता सायंकाळ आहे. अर्जाविषयीचा मजकूर कृपया रद्द समजावा. विचारांती असे दिसते की तुम्ही ठेवलेले नाव ऐकून मी तिला ओळखले नाही, आणि मी ठेवलेले नाव ऐकून तिने मला ओळखले नाही. तेव्हा पासपोर्टाला बोल लावण्यात अर्थ नाही. जे आहे ते राहू द्यावे. तीन अक्षरे म्हणावयास सुटसुटीत आहेत, आणि संकटसमयी चुकत नाहीत. मी कालपासून तिला त्या नावाने हाक मारण्याचा अभ्यास आरंभला आहे. परंतु माझ्या तोंडी ते हजेरी घेतल्यासारखे येते. म्हणून या पत्राची खरी विनंती ही: आपल्या मातोश्री तिला हाक कशी मारीत असत? पहिल्या अक्षरावर जोर देत, की शेवटचे लांबवीत? प्रेमाने काही जोडीत असत काय? उत्तर सविस्तर लिहावे. मी जपासारखे पाठ करीन. हे पत्राचे खरे कारण तिला कळू देऊ नये.

ता. क. दुसरा — आपल्या घराण्यात धर्मशास्त्राची जुनी पुस्तके आहेत, म्हणून विचारतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थाकडून काही अपरिहार्य कारणाने वाचन अध्यायाच्या मध्यावर, एक्केचाळिसाव्या ओवीला, सोडले गेले. त्यास कोणते प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि ते परदेशातून करता येते काय, हे पाहून कळवावे. गृहस्थ सत्त्वशील आहेत.

ता. क. तिसरा (अक्षर माझं आहे, दादा) — पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आलं म्हणून हे लिहिते. ते अंघोळीला गेलेत, लवकर आवरते. त्यांच्या त्या सत्त्वशील गृहस्थाची पोथी मला इथे खोलीत जमिनीवर पालथी पडलेली सापडली, चष्मा जिन्यात आणि उपरणं दाराच्या कडीत अडकलेलं. मी पोथी पुसली, एक्केचाळिसाव्या ओवीवर खूण घातली आणि वस्त्रात बांधून ठेवली. त्यांना वाटतं मला माहीत नाही. ‘जरा घाईने पुढे गेलो’ म्हणजे काय, तेही छत्रीवाल्याने सांगितलं मला. दोघा शिपायांनी दंड धरले होते, तरी त्यांना ओढत घेऊन आले. तळपायात अजून खडे रुतलेत. रात्री झोपले की सुईने एकेक काढते. तेव्हा प्रायश्चित्त शोधत बसू नका, झालंय ते.

आणि तळव्याचं म्हणाल तर तो ‘थांब’ नव्हता, ‘जा एकदाची’ होता. मला कळतो तो फरक. म्हणूनच गेले.

आता आईचं. तुम्हाला आठवतंच, आई मला कधी नावाने हाक मारायची नाही, नुसतं ‘अगं ए’ म्हणायची. पण हे त्यांना कळवू नका. तुम्ही आपलं छानसं काहीतरी लिहून पाठवा, शेवटचं अक्षर लांबवा हवं तर. ते मन लावून पाठ करतील. मी ओ द्यायची सवय करतेय.